आमाले का तिखट सांगता जी?

तिखटाच्या बाबतीत पवनीचा माणूस नम्र नसतो. बाकी सगळ्या बाबतीत असतो, कारण दुसरा इलाज नाही. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला नकाशात आमचा भंडारा जिल्हा दाखवायला सांगितला, तर त्याचं बोट आधी बुलढाण्यावर जातं, मग चंद्रपूरवर घसरतं आणि शेवटी "तिकडंच कुठंतरी" म्हणून खिशात जातं. १९९९ साली गोंदिया वेगळा जिल्हा झाला आणि जाताना नवेगावबांधचा तलावही घेऊन गेला. उरलं काय? वैनगंगा, धानाच्या बांध्या, भंडाऱ्याची पितळेची भांडी, मोहाडी-आंधळगावचा कोसा आणि तिखट. यातलं बसल्या जागी, ताटातच दाखवता येतं ते फक्त तिखट. म्हणून ते आम्ही दाखवतो.

दाखवायचा मुहूर्त म्हणजे मंडई. भाऊबीजेपासून आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. हलका धान निघालेला असतो, भारी धान उभा असतो, घरात पाहुणे मावत नाहीत, रात्रभर दंडार नाहीतर झाडीपट्टीचं नाटक, आणि त्याआधी मटणाचा रस्सा. अशा पंगतीला कोकणातून बदली होऊन आलेला एखादा साहेब सापडला की मी स्वतः वाढायला उठत असे. रस्सा थोडा, तर्री जास्त. पहिल्या घासाला साहेब "वा!" म्हणतो. पुढं बोलणं कमी होतं. मग कानाच्या पाळ्या लाल होतात, चष्म्यावर वाफ धरते, आणि सगळी पंगत त्याच्याकडे न बघितल्यासारखं करत बघत असते. त्या क्षणी वाकून, अत्यंत मायेनं विचारायचं, "तिखट झालं का जी, साहेब?" साहेब मान हलवतो. ती हो म्हणून की नाही म्हणून, हे त्यालाही कळत नाही. या आनंदासाठी मी नोकरीभर मंडईची वाट पाहिली आहे.

आणि हा माज बिनबुडाचा नव्हता. पवनीची वेस ओलांडली की नागपूर जिल्ह्यातलं भिवापूर, आणि तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेलं. आमच्या भागात मिरचीचे सातरे लागतात. वाळलेल्या मिरचीचे ढीग आणि त्यांभोवती दिवसभर देठ खुडत बसलेल्या बाया. लहानपणी शाळेत जाताना सातऱ्याजवळून शिंकल्याशिवाय पुढं गेल्याचं मला आठवत नाही. (त्या बायांचे हात रात्रीसुद्धा जळत राहतात. आम्ही पंगतीत मिशीला पीळ देतो तेव्हा हे कोणी बोलत नाही.) नागपुरात ज्या सावजी जेवणाच्या पाट्या झळकतात, ते मूळचं हलबा कोष्टी विणकरांच्या घरचं जेवण, आणि तो समाज आमच्या पवनीतही मागावर बसलेला. थोडक्यात, भूगोल, इतिहास आणि शेजारी हे तिन्ही माझ्या बाजूनं होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. तेवढं विज्ञान मात्र माझ्या बाजूनं नव्हतं, हे पुढं येईलच.

माझ्या साळ्याचं कृषी केंद्र आहे. खत, औषध, बियाणं. बियाण्याच्या कंपन्या दुकानदारांना टार्गेट देतात आणि ते पुरं केलं की परदेशवारी घडवतात. आमच्याकडचे कित्येक दुकानदार मुंबई पाहण्याआधी बँकॉक पाहून आलेले आहेत. साळ्याचं टार्गेट पुरं झालं, दोन तिकिटं आली, आणि नेमकं त्याच्या बायकोच्या माहेरी लग्न निघालं. साळ्यानं मला विचारलं. मी निवृत्त, रिकामा, पासपोर्ट तयार. शिवाय साळा माझा विद्यार्थीही होता, आठवीत मागच्या बाकावर; त्यामुळं सोबत गुरुजी असले की बरं, असं त्याच्या बहिणीचं मत पडलं. कोणावर कोणी लक्ष ठेवायचं हे तिनं स्पष्ट केलं नाही.

नागपूरहून कोलकाता, कोलकात्याहून बँकॉक. हा दुसरा टप्पा अडीच तासांचा; पवनीहून नागपूरची बस गाठून सीताबर्डीला उतरेपर्यंत जवळपास तेवढेच लागतात. एवढ्याशा अंतरासाठी विदेश म्हणवून घेणाऱ्या देशाबद्दल मला तेव्हाच थोडं कमी वाटलं.

तिथं गेल्यावर कंपनीनं आमची जेवणाची सोय 'इंडियन' हॉटेलात केली होती. सकाळी पनीर, संध्याकाळी पनीर, मध्ये जिरा राइस. विदर्भातले, मराठवाड्यातले, छत्तीसगडचे असे सगळे दुकानदार एका हॉलमध्ये बसून एकच शब्द उच्चारत होते: फिक्कं. मग पिशव्या उघडल्या. जवसाची चटणी, लसणाची चटणी, वर्ध्याच्या एकाजवळ तर मिरचीचा ठेचा बरणीभर. विमानात हातसामानातल्या द्रवपदार्थांवर निर्बंध असतात. तो ठेचा कोणत्या व्याख्येखाली पार पडला, हे त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी जवसाची चटणी पनीरवर भुरभुरली आणि मोठ्यानं म्हणालो, "या देशात तिखट म्हणून काही आहे का नाही?"

हे आमच्या गाइडनं ऐकलं. थाई माणूस, पण हिंदी फर्डं. भारतीय सहली सांभाळून सांभाळून तयार झालेलं. तो म्हणाला, "अंकल, थाई खाना बहुत तीखा. आप नहीं खा सकते."

अंकल म्हणाला ते मी सोडून दिलं. दुसरं वाक्य नाही सोडलं.

प्रतुनामच्या बाजूला, आमच्या हॉटेलमागच्या गल्लीत हातगाड्यांची ओळ लागलेली असे. त्या संध्याकाळी मी, साळा, वर्ध्याचा ठेचेवाला आणि गंमत बघायला आणखी काही मंडळी असे निघालो. एका गाडीवर कढईत खिमा परतत होता, आणि वरून मूठमूठ पानं पडत होती. मी वास घेतला. तुळस! शंका नको म्हणून गाइडला विचारलं. तो म्हणाला, हो, 'होली बेसिल', तुमच्या मंदिरातली तीच. खिम्यात तुळस! आमच्या घरी तुळशीचं लग्न लागल्याशिवाय ऊस तोंडात घालू देत नाहीत, आणि इथं वृंदावनच्या वृंदावन लसणीबरोबर कढईत. मी हात जोडले आणि पुढच्या गाडीकडं वळलो. धर्म वाचवायला म्हणून मी पपई निवडली. पपईनं कोणाचं काय वाकडं केलं आहे?

सोम तम म्हणतात त्या पदार्थाला. मूळचा थायलंडच्या ईशान्येकडचा, लाओसला लागून असलेल्या ईसान भागातला. तिकडची माणसं कामाला बँकॉकात आली आणि हाही आला. मातीची उभी उखळी, लाकडी मुसळ. त्यात लसूण, मिरची, ताडाचा गूळ, चवळीच्या शेंगांचे तुकडे, टोमॅटो, वाळके झिंगे, शेंगदाणे, लिंबू, माशाचं खारं पाणी आणि कच्च्या पपईचा कीस. ते सगळं हलक्या हातानं कुटायचं. गाडीवाली बाई पन्नाशीची, डोक्याला फडकं बांधलेली, आमच्या सातऱ्यावर बसली असती तर कोणी वळून बघितलं नसतं. तिनं उखळीत लसूण टाकला, एक हिरवी मिरची दोन बोटांत धरून दाखवली, आणि एक बोट वर करून माझ्याकडं पाहिलं. एक?

तान्ह्या मुलासाठी वरण करताना आमच्याकडे मिरच्या मोजतात. मी हसलो. तिनं दोन बोटं केली. दोन? मी गाइडकडं पाहिलं, साळ्याकडं पाहिलं, आणि तळहात पसरून पाचही बोटं दाखवली.

बाईनं गाइडला काहीतरी विचारलं. तो खांदे उडवून हसला. पाच मिरच्या उखळीत पडल्या. इवल्याइवल्या, लवंगेहून थोड्या लांब. मला वाटलं, ही गरीब समजून हात आखडता घेते आहे. भिवापुरी मिरचीच्या मानानं ही बाळमिरची. हिच्या पाच म्हणजे आमची एक. म्हणून मी पुन्हा एकदा तोच पंजा दाखवला.

"भाऊजी," साळा म्हणाला, "राहू द्या ना जी. थे लहान दिसते, पन बेकार हाये."

"आमाले का तिखट सांगता?" मी म्हणालो. मोबाइलवर कोणीतरी व्हिडिओ काढत होतं, हे मला दिसत होतं. खरं म्हणजे म्हणूनच आवाज जरा मोठा लागला.

बाईनं दहा मिरच्या कुटल्या. बशीत पपई, बाजूला चिकट भाताची पुडी, कोबीचा मोठा कच्चा तुकडा आणि शेंगा. तिनं कोबीकडं बोट दाखवून, आधी हे, मग ते, अशी खूण केली. कच्चा कोबी बैलानं खावा. मी तो बाजूला सारला आणि चमचा भरून पपई तोंडात घातली.

सुरुवातीला लागलं आंबटगोड. चांगलं लागलं. "कोशिंबीर आहे रे," असं मी साळ्याला म्हणालोसुद्धा, आणि दुसरा चमचा भरला. तो आत जाता जाता पहिल्याचा निकाल लागला. आधी वरचा ओठ गेला. गेला म्हणजे तो जागेवर आहे का, हे बोटानं चाचपून बघावं लागलं. मग ऐकू येईना. रस्त्यावरचे टुकटुक तोंडं उघडून मुक्यानं चाललेले दिसले. नाकडोळ्यांचं पाणी एकत्र होऊन हनुवटीवर आलं. आणि मग उचकी लागली. साधी नव्हे, खांदे उडवणारी.

"ताई आठवन काढून राहिली असंल," साळा म्हणाला. त्याही अवस्थेत मला त्याला वर्गाबाहेर काढावंसं वाटलं.

मी पाण्याची बाटली तोंडाला लावली. इथं विज्ञानाचा प्रश्न येतो. २०२१ साली वैद्यकाचं नोबेल डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना मिळालं, तेव्हा शाळेत त्यावर परिपाठ मीच घेतला होता. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या टीआरपीव्ही१ नावाच्या ग्राहकाला जाऊन चिकटतं. हा ग्राहक ज्युलियसनं १९९७ मध्ये शोधून काढला. त्याचं खरं काम तापमान ४३ अंशांच्या वर गेलं की मेंदूला वर्दी देणं. कॅप्सेसिन त्याला खोटी वर्दी द्यायला लावतं. आग नसते, पण बोंब खरी उठते. हे सांगताना मुलांना मी असंही म्हणालो होतो की ४३ अंश म्हणजे पवनीतली मे महिन्याची साधी दुपार, आपल्याला त्याचं काय! मुलं हसली होती. आणि शेवटी फळ्यावर ठळक लिहिलं होतं: कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं, म्हणून तिखट लागल्यास पाणी पिऊ नये, दूध प्यावं, त्यातलं केसीन ते धुऊन नेतं.

मी दोन बाटल्या पाणी प्यालो.

"पानी नोका पेऊ, भाऊजी!" साळा ओरडला. "तुमीच तं शिकवलं होतं, तेल पान्यात मिसरत नाही म्हून!" आठवीत नापास होता होता वाचलेला मुलगा, त्याच्या डोक्यात एवढंच उरलं होतं, आणि तेही आजच वर यायचं होतं.

पाण्यानं झालं एवढंच की जी आग जिभेच्या शेंड्यावर होती ती घशापर्यंत वाटली गेली. मी "दूध" म्हणालो असावं. बँकॉकात सेव्हन-इलेव्हनचं दुकान चालत मिनिटभरावर नसेल अशी जागा शोधावी लागते. साळा धावला, पांढऱ्या द्रवाची गार बाटली घेऊन आला. मी ती घटाघटा संपवली. फरक शून्य. गाइडनं बाटली फिरवून बघितली आणि सांगितलं, हे सोयाबीनचं दूध. सोयाबीनच्या दुधात केसीन नसतं. आयुष्यभर सोयाबीनचं बियाणं विकणाऱ्या माणसानं मला सोयाबीनच पाजलं, याला व्यवसायनिष्ठा म्हणतात.

अखेर उपाय केला त्या बाईनं. तिनं माझा हात ओढला, तळहातावर चमचाभर साखर ठेवली आणि तोंडात टाक म्हणून खूण केली. मग चिकट भाताचा गोळा हातात दिला. मग तो कोबीचा तुकडा. मी तो खाल्ला. शेंगाही खाल्ल्या. समोरच्या बाकावर बसलेल्या दोन कॉलेजच्या पोरी, आपापली पपई खात, अधूनमधून कोबी चावत, माझ्याकडं न बघितल्यासारखं करत बघत होत्या. ती नजर मला चांगली ओळखीची होती. हळूहळू टुकटुकांना आवाज आला. मी पैसे द्यायला गेलो तर बाईनं वाकून, अत्यंत मायेनं काहीतरी विचारलं. गाइडनं भाषांतर करायची गरज नव्हती. मी मान हलवली. पितळनगरीतून आलेल्या माणसाचं पितळ बँकॉकच्या गल्लीत उघडं पडलं.

दुसऱ्या दिवशी पट्टायाला जायचं होतं. दीडशे किलोमीटर, बसनं. टीआरपीव्ही१ हा ग्राहक फक्त जिभेवर नसतो, तो अन्नमार्गावर थेट शेवटच्या स्टेशनापर्यंत असतो, हे परिपाठात वेळेअभावी राहून गेलं होतं. ते प्रकरण मी त्या बसमध्ये पूर्ण केलं. ड्रायव्हर भला होता, मागेल तिथं थांबायचा. तिसऱ्या थांब्यानंतर सगळ्या बसला माझ्या प्रकृतीत रस निर्माण झाला आणि कुठं थांबायचं यावर मतदान होऊ लागलं. थायलंडमध्ये शौचालयात पाण्याची फवारणी असते. तेवढ्यापुरतं या देशाबद्दल माझं मत फार चांगलं झालं. बाकीची मंडळी कोरल आयलंडला बोटीनं गेली. मी खोलीत पडून छताकडं पाहत होतो.

पडल्या पडल्या विचार सुचतात. आमचं तिखट कुठं आणि हे कुठं? आमची मिरची लाल, वाळलेली, कुटलेली. खोबरं, खसखस, धने, दगडफूल यांच्या संगतीत तेलात तासभर शिजून शहाणी झालेली. तिची निम्मी मस्ती तेलातच जिरते, उरलेली भाताच्या ढिगात. मंडईच्या पंगतीत मी आजवर जो पराक्रम गाजवला तो सगळा तेलाच्या आडून. इथं उखळीत मिरची हिरवी, कच्ची, जिवंत. सोबतीला लिंबू आणि खारं पाणी. तेलाचा थेंब नाही. मिरचीचा जहालपणा बियांत नसतो, बिया ज्या पांढऱ्या गराला चिकटतात त्यात असतो, आणि मुसळानं तो गरच फोडलेला. मधे कोणी मध्यस्थ नाही.

आणि गंमत अशी की मिरची ना त्यांची, ना आमची. मूळ अमेरिकेतलं. आणली पोर्तुगीजांनी. त्यांनी १५१० मध्ये गोवा घेतला, १५११ मध्ये मलाक्का, आणि त्याच वर्षी त्यांचा वकील थायलंडच्या जुन्या राजधानीत, अयुत्थयेला, हजर. त्याआधी तिकडं आणि इकडं तिखट म्हणजे मिरी आणि आलं. पपईसुद्धा अमेरिकेचीच. म्हणजे कोण्या एका परक्या दर्यावर्दीच्या गोणीतल्या बियाण्यावर पवनीनं आपली अस्मिता उभारली आणि ईसाननं आपली कोशिंबीर. हा विचार मला फार खोल वाटला. साळ्याला रात्री सांगितला. तो म्हणाला, "भाऊजी, इलेक्ट्रॉल घ्या."

आम्ही पोचायच्या आधी व्हिडिओ पवनीला पोचला होता. त्यात माझं "आमाले का तिखट सांगता?" स्वच्छ ऐकू येतं, त्यानंतर दीड मिनिट फक्त उचक्या. तालुक्यातल्या माझ्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर तो इतका फिरला, की बँकेत पासबुक भरायला गेलो तर शिपायानं आदरानं पाणी आणून दिलं. "अजी, तुमाले कोनं सांगतलं होतं?" एवढंच बायको म्हणाली. खिम्यातल्या तुळशीबद्दल मी सांगितलं तेव्हा मात्र तिनं दोन दिवस वृंदावनाला जास्तीची प्रदक्षिणा घातली.

अब्रू परत मिळवायला मी घरी सोम तम करायचं ठरवलं. परसात पपई होतीच. झिंगे सोडले, माशाचं पाणी सोडलं, मिरच्या मात्र हिरव्या, कच्च्या, मोजून दहा. एक घास मी जपून खाल्ला आणि कोबीकडं हात नेला. सासूबाई आल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढं, तोंडात दात मोजके. त्यांनी बशीभर खाल्लं, बोटं चाटली, आणि लेकीला म्हणाल्या, "मीठ जरा कमी हाये, नाई वं?"

त्या दिवाळीला मंडईत मी नेहमीप्रमाणे वाढायला उठलो, तर यजमानानं माझ्या हातातली बादली काढून घेतली आणि मला पंगतीत बसवलं, कोकणातून नुकत्याच आलेल्या एका साहेबाशेजारी. वाढणाऱ्या पोरानं आम्हा दोघांच्या वाट्यांत रस्सा घातला आणि पळीच्या पाठीनं तर्री हलकेच बाजूला सारली. साहेब मला म्हणाले, "तुम्हीही बाहेरचे का?"

यंदा साळ्याच्या कंपनीनं व्हिएतनाम ठेवलं आहे. टार्गेट पुरं झालं, दोन तिकिटं आली. दुसरं तिकीट त्यानं मला न विचारता बहिणीला दिलं. तिचा पासपोर्ट निघाला, पोलीस चौकशी होऊन गेली. काल पिशवी भरता भरता ती मला विचारत होती, "अजी, तिकडं मिरच्या मोजूनच टाकतेत का?"

मी म्हणालो, काही झालं तरी बोटं दाखवू नको.

"मी कायले बोटं दाखवू?" ती म्हणाली. "मी आपल्या सोबतच नेऊन राहिली."